खडी जाते कुठे?



मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चांगले चार पानी आहे, पण त्यातला प्रश्न एका ओळीचा आहे: "आमच्या अंगणातली खडी जाते कुठे?"

चार वर्षांपूर्वी त्यांनी गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत घर बांधले. फाटकापासून पोर्चपर्यंत तीस फुटांची वाट, आणि जमीन काळीभोर. पहिल्याच पावसाळ्यात गाडी रुतली म्हणून ट्रॉलीभर खडी टाकली. पुढच्या वर्षी ती दिसेनाशी झाली, म्हणून आणखी एक ट्रॉली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गेल्या श्रावणात सासूबाई त्याच वाटेवर पाय घसरून पडल्या. "हाड मोडले नाही एवढेच नशीब, पण तेव्हापासून त्या एकट्या देवळात जात नाहीत," असे त्या लिहितात. यजमानांचे म्हणणे, आणखी एक ट्रॉली टाकू. ह्यांनी कुठेसे वाचले की खडीच्या खाली एक प्रकारचे कापड अंथरतात. गवंड्याला विचारले तर तो हसला. म्हणाला, "वहिनी, कापड मातीत घालून काय करणार? कुजून जाईल." ह्या वर्षीची भिशी त्यांना लागली आहे. ते पैसे ह्या कापडापायी घालावेत का, आणि घालायचे तर घरात हे पटवून कसे द्यावे, असा त्यांचा पेच आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. घालावेत. पण कापड कोणते, कसे आणि कुठे, हे नीट समजून घेऊन. बांधकामातले आपल्याला काय कळते, असे म्हणून आपण बाजूला होतो आणि चिखलाचे पाय पुसायला मात्र आपणच उरतो. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

खडी जाते कुठे, तर कुठेच जात नाही. ती तिथेच आहे, वीतभर खाली. आपल्याकडची काळी माती ही काळ्या पाषाणाची हजारो वर्षे झीज होऊन झालेली. तिचे कण इतके बारीक, की पाणी प्यायले की ती फुगते, आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हाताचे बोट सहज जाईल अशा भेगा पडतात. ओल्या काळ्या मातीवर खडी टाकली आणि वरून गाडीचे चाक गेले की दोन गोष्टी एकदम होतात. दगड खाली दबतो, आणि त्याच वेळी दोन दगडांमधल्या फटीतून चिखल वर येतो. खडीची सगळी ताकद दगडाने दगडाला धरून ठेवण्यात असते. मध्ये चिखल शिरला की ही पकड सुटते, दगड एकमेकांवरून निसटू लागतात. म्हणजे खडी नुसती बुडत नाही, ती निकामी होते. वर आणखी एक ट्रॉली टाकली तर तिचेही हेच होणार. खालचा चिखल काही संपत नाही.

मग कापडाने काय होते? श्रीखंडासाठी आपण दही फडक्यात बांधून टांगतो. पाणी निथळते, चक्का आत राहतो. हे कापड नेमके तेच काम करते. पाण्याला वाट देते, मातीला देत नाही, आणि दगडालाही खाली उतरू देत नाही. माती मातीच्या जागी, खडी खडीच्या जागी. बाकी त्यात काही जादू नाही.

हे घरात पटवायचे तर वाद घालू नका, प्रयोग करून दाखवा. शाळेत मुलांना दाखवायला हा मला फार आवडतो, कारण खर्च शून्य. मुरंब्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत अंगणातली काळी माती चार बोटे भरा आणि पाणी घालून चिखल करा. एका बरणीत सरळ बारीक खडी टाका. दुसरीत चिखलावर जुन्या टेरिकॉटच्या पातळाचा किंवा शर्टाचा दुहेरी तुकडा, कडा बरणीच्या आत वर दुमडून, आणि मग तेवढीच खडी. आता लाटण्याच्या टोकाने दोन्हीकडे पन्नास पन्नास वेळा दाबा. एकीत खडी आणि चिखल यांचा काला झालेला दिसेल, दुसरीत खडी वरच्या वर. बरण्या जेवणाच्या टेबलावर ठेवून द्या. विचारल्याशिवाय काही बोलू नका.

आता गवंड्याबद्दल. तो अगदीच चुकीचे बोलला असे मी म्हणणार नाही. सुती कापड मातीत कुजतेच. पण गंमत अशी, की ह्या कल्पनेची सुरुवात सुती कापडानेच झाली. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्याच्या रस्ते खात्याने १९२६ साली मातीच्या रस्त्यावर जाड सुती कापड अंथरून त्यावर गरम डांबर आणि वाळूचा पातळ थर दिला. १९३५ साली त्यांनी निष्कर्ष छापले, ते असे की कापड शाबूत असेपर्यंत रस्ता चांगला राहिला, भेगा आणि उखडणे कमी झाले. अडचण एवढीच होती, की कापूस टिकत नव्हता. पुढे कृत्रिम धागे आले आणि ती अडचण गेली. आज जे मिळते ते बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे आपल्या खताच्या पोत्यांच्या जातीचे. त्याला जिओटेक्स्टाईल म्हणतात, आणि आपल्याकडे भूवस्त्र असा छान शब्दही रूढ होतो आहे. मातीने किंवा ओलाव्याने ते कुजत नाही. त्याचा शत्रू एकच, ऊन. उघडे पडून राहिले की ते विरते.

तागाची आणि काथ्याची भूवस्त्रेही असतात बरं का. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यातल्या रस्त्यांना २०२० साली काथ्याचे भूवस्त्र वापरायला मान्यता मिळाली. ते काही वर्षांनी कुजते हे ठाऊक असूनच वापरतात, कारण तोवर खालची माती दबून घट्ट झालेली असते. विचार चांगला आहे, शिवाय कोकण-केरळातल्या काथ्याला काम मिळते. पण दर पावसाळ्यात नव्याने फुगणाऱ्या काळ्या मातीवर, घरच्या वाटेसाठी, मी स्वतः न कुजणारेच घेईन.

दुकानात मात्र सांभाळून. जिओटेक्स्टाईल मागितले तर पुष्कळदा शेततळ्याचा काळा प्लास्टिक कागद पुढे करतात. "हे त्याहून मजबूत" असेही म्हणतात. असेल मजबूत, पण त्यातून पाणी जात नाही. खडीखाली तो अंथरला की पाणी अडून राहते, खडी त्यावर सरकते, आणि वाटेचे डबके होते. दुसरी चूक म्हणजे बागेत गवत येऊ नये म्हणून अंथरतात ते पातळ विणीचे कापड. ते कुंड्यांखाली ठीक, गाडीच्या चाकाखाली नाही. आणि घरातली सिमेंटची रिकामी पोती उसवून अंथरू का, असेही काहीजणी विचारतात. परसातल्या तुळशीपर्यंतच्या पायवाटेला चालतील. गाडीच्या वाटेला नको. उन्हात पडलेली पोती आधीच विरलेली असतात, आणि तुकडे लहान असल्याने जोडाजोडांतून चिखल वर येतो.

खऱ्या कापडाचे दोन प्रकार. एक विणलेले, पट्ट्यापट्ट्यांचे, ओढायला फार बळकट. दुसरे न विणलेले, सुया टोचून धागे गुंतवलेले, हाताला नमद्यासारखे मऊ लागते. ह्यातून पाणी चांगले निथळते. घरची एक मोटार, दोन स्कूटर एवढीच ये-जा असेल तर न विणलेले, एका चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे घ्यावे. अंगणात मालाचे ट्रक येणार असतील आणि जमीन फारच दलदलीची असेल तर विणलेले बरे. गच्चीवर बाग करून देणारे, वॉटरप्रूफिंगचे ठेकेदार, शेततळ्याचे साहित्य विकणारे यांच्याकडे चौकशी केली तर मिळते. भाव चौरस मीटरवर असतो.

पारख घरीच करता येते. नमुन्याला अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद तुकडा मागा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो साधारण ५० ग्रॅम भरला पाहिजे. दोन्ही हातांनी ओढून फाटता कामा नये. आणि पातेल्यावर धरून त्यावर पेलाभर पाणी ओता. कोरे कापड सुरुवातीला जरा अडवेल, हाताने दाबल्यावर पाणी खाली गेलेच पाहिजे. न गेले तर ते कापड आपल्या कामाचे नाही, दुकानदार काहीही म्हणो.

आता हिशेब, कारण खरा प्रश्न तोच. पत्रलेखिकेची वाट ३० फूट लांब. रुंदी ९ फूट धरू. म्हणजे २७० चौरस फूट. खडी एकूण सहा इंच हवी, खाली चार इंच मोठी ४० मिलिमीटरची आणि वर दोन इंच २० मिलिमीटरची. अर्धा फूट गुणिले २७०, म्हणजे १३५ घनफूट. दाबल्यावर ती बसते म्हणून थोडी जास्त, दीड ब्रास धरा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे लक्षात असू द्या. आणि ट्रॉली आली की टेप घेऊन स्वतः लांबी, रुंदी, उंची मोजा. ट्रॉलीवाले "एक ब्रास आहे" म्हणतात ते प्रत्येक वेळी भरतेच असे नाही. मोजताना पाहिले की पुढच्या खेपेला भरते! कापड ३५० ते ४०० चौरस फूट लागेल, कारण बाजूंनी अर्धा अर्धा फूट वर दुमडायचे आणि जोडावर दीड फूट एकावर एक घ्यायचे. म्हणजे ३३ ते ३७ चौरस मीटर. दुकानातला भाव ह्याने गुणा, आणि गेल्या तीन वर्षांच्या ट्रॉल्यांचा आकडा, मजुरीसकट, शेजारी लिहा. यजमानांना हा कागद दाखवायला बरण्यांइतकाच उपयोगी पडेल.

एक मात्र निक्षून सांगते. कापड आहे म्हणून खडीत काटकसर करू नका. "खाली कापड आहे, तीन इंचांत भागेल" असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. भार पेलते ती खडी, कापड फक्त तिला शुद्ध ठेवते. पातळ थर चाकाखाली सरकतो आणि कापड उघडे पडते, की मग ऊन आहेच. बंगल्यांसमोर शोभेचे पांढरे गोटे इंचभर पसरतात, त्यांच्यातून काळे कापड जीभ बाहेर काढल्यासारखे दिसते ना, ते ह्याचमुळे. गोल गोटे तर गाडीसाठी घेऊच नयेत. ते एकमेकांना धरत नाहीत. क्रशरची कोनाकोनांची खडीच हवी.

काम उन्हाळ्यात, माती कोरडी असताना करा. चैत्र-वैशाख उत्तम. पत्रलेखिकेची तीन ट्रॉल्या खडी खाली पुरलेली आहे, ती उकरून काढण्याच्या फंदात त्यांनी पडू नये. ती गेली, पण फुकट गेली नाही. तिने खालची माती बरीच ताठ केली आहे. वरचा चिखलाचा सुकलेला थर तेवढा खरवडावा, चाकोऱ्या भराव्यात, वर आलेली टोके धुमसाने ठोकून बसवावीत म्हणजे कापडाला भोके पडणार नाहीत, आणि त्यावर कापड. ज्यांचे घर नवे आहे त्यांनी तीन-चार इंचच खोदावे. फार खोल खणायला लावू नका. काळ्या मातीतला खोल खड्डा म्हणजे हौद. कापडातून पाणी खाली जाते हे खरे, पण खालची काळी माती एकदा ओली झाली की पुढचे पाणी पीत नाही. ते बाजूला वाहून जायला हवे. म्हणून तळालाच मधोमध दीड इंच उंची ठेवून दोन्ही बाजूंना उतार द्यायचा, आणि एका बाजूने लहानशी गटार फाटकाबाहेरच्या नालीपर्यंत न्यायची. वाट पूर्ण झाल्यावर आजूबाजूच्या अंगणापेक्षा दोन बोटे वरच असावी. ही एक गोष्ट चुकली तर जगातले कोणतेही कापड उपयोगाचे नाही. गवंड्याशी भांडायचेच झाले तर ह्या मुद्द्यावर भांडा.

पाण्याची पाइपलाइन किंवा ड्रेनेज त्या वाटेखालून जात असेल तर आधी ती पाहून घ्या, गळकी असेल तर बदला. नंतर कापड फाडत बसावे लागते. हराळी आणि लव्हाळा मुळासकट काढा. कापड गवताला आळा घालते, पण लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो, तो कापडातूनही डोके काढतो. वरून वाऱ्याने आलेल्या धुळीत दोन-चार वर्षांनी थोडे गवत उगवेल, ते हाताने उपटले की निघते.

कापड सुरकुत्या न पडू देता ताणून अंथरा आणि जागोजागी दगड ठेवा. जोड आडवा आला तर कौलांसारखा घ्या. खडी ज्या बाजूने पसरत नेणार, त्या बाजूचा तुकडा वर. नाहीतर ढकलताना खडी कापडाच्या खाली घुसते. ट्रॉली कापडावर चढू देऊ नका. ट्रॉलीवाला घाईत असतो, "काही होत नाही ताई" म्हणून मागे घेतो आणि सगळ्या सुरकुत्या एका जागी. म्हणून त्या दिवशी आपण स्वतः फाटकाशी उभे राहावे. खडी फाटकाजवळ ओतून घ्यायची आणि तिथून घमेल्यांनी व फावड्याने पुढे पुढे नेत जायचे. खालचा चार इंचाचा थर पुरा पसरून, धुमसाने किंवा भाड्याच्या यंत्राने दाबून झाल्याशिवाय वर चाक नको. मग बारीक खडी, पुन्हा दाबणे. दोन्ही कडांना उभ्या विटा किंवा दगड पुरून घ्या, नाहीतर वर्षभरात खडी फुलझाडांत पसरलेली दिसेल. अंथरलेले कापड त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी झाकले जाईल असे बघा.

आता सासूबाईंचे. खडीची वाट गाडीसाठी उत्तम, पण म्हाताऱ्या माणसाच्या पायांना ती काही प्रेमळ नाही. पाऊल डळमळते, काठीचे टोक रुतते. वॉकर किंवा चाकाची खुर्ची असेल तर विचारायलाच नको. म्हणून त्यांच्या वाटेवर, एका कडेने, दोन फूट रुंदीची शहाबादी फरशीची पट्टी बसवून घ्यावी, खडबडीत बाजू वर करून. पॉलिश केलेली नको, ती पावसात काचेसारखी होते. कापड ह्या पट्टीच्या खालूनही तसेच जाऊ द्यावे, म्हणजे फरशी एका बाजूने खचत नाही. फरशा खडीच्या वरच्या पातळीला अगदी समान असाव्यात, उंबरठा राहू देऊ नये. फाटकाशी हाताने धरायला एक नळीचा कठडा लावला तर आणखी चांगले. भिशीचे पैसे ह्यातच संपत असतील तर आधी ही पट्टी आणि तिच्याखालचे कापड करावे, गाडीची वाट पुढच्या वर्षी. गाडी रस्त्यावर उभी राहील. त्यांनी पुन्हा एकट्याने देवळात जायला लागणे हे मला गाडीपेक्षा मोठे वाटते.

"मग सरळ काँक्रीटच का करू नये?" असे काहीजणी म्हणतील. पैसा असेल आणि खाली मुरमाची भक्कम भर असेल तर जरूर करावे. पण काळ्या मातीवर सरळ ओतलेले पातळ काँक्रीट दोन-तीन पावसाळ्यांत तडकते, कारण खालची माती फुगते आणि बसते, आणि काँक्रीटला वाकता येत नाही. खडीला येते. वर खचली तर दोन घमेली टाकून सारखी करता येते. शिवाय उन्हाळ्यात काँक्रीटचे अंगण संध्याकाळी सातपर्यंत तापलेले असते.

आणि सगळ्यांनाच कापड लागते असेही नाही. ज्यांची जमीन कडक मुरमाची आहे किंवा कोकणात खाली जांभा लागतो, त्यांनी हा खर्च करू नये. ओळखायचे कसे? भर पावसात, दोन दिवस सतत झड लागल्यावर, वाटेवर टाचेने जोर देऊन उभे राहा. टाच रुतली आणि काढताना चिखल चिकटून आला तर कापड हवे. नुसती ओली झाली तर नको. दुकानदार तुम्हाला हे सांगणार नाही.

कापड शेवटी प्लास्टिकच आहे, तेव्हा कापलेल्या कडा अंगणात उडत ठेवू नका, जाळू तर मुळीच नका. मोठे तुकडे उरले तर ते कामाचे असतात. कुंडीच्या तळाच्या भोकावर ठीकरीच्या ऐवजी ह्या न विणलेल्या कापडाची वळकटी न करता सपाट गोल चकती ठेवा. पाणी निथळते, माती येत नाही, आणि गच्चीच्या फरशीवर ते काळे ओघळ उठत नाहीत.